डॉक्टरांचा कडू वेल

माझ्या घरमालकांनी मला खोली दाखवायच्या आधी मागच्या अंगणातली माती दाखवली. फेब्रुवारी महिना होता, पाऊस पडत नव्हता पण नुकताच पडून गेल्यासारखं सगळं ओलं होतं, आणि मी ऑफिसातून परस्पर आल्यामुळे माझ्या पायात नवे बूट होते. ते स्वतः गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून पुढे झाले आणि घराच्या भिंतीलगतच्या एका चौकोनी तुकड्याकडे बोट करून म्हणाले, "इथे आहे."

मला काही दिसलं नाही. तरी मी "अच्छा, अच्छा" म्हणालो.

"काय अच्छा? दिसतंय का काही?"

"नाही."

"मग नाही म्हणावं. जमिनीखाली आहे. एप्रिलमध्ये वर येईल. बरं, कारलं खातोस का?"

इंग्लंडातल्या रीडिंग गावात खोली भाड्याने घ्यायची तर लोक पगाराची स्लिप मागतात, आधीच्या घरमालकाचं पत्र मागतात. कारल्याबद्दल कुणी विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण त्या महिन्यात मी सात खोल्या बघितल्या होत्या, सातवीत तर पलंगावर चढल्याशिवाय दार लावता येत नव्हतं, त्यामुळे मी म्हणालो, "खातो की."

"गूळ घालून?"

आमच्या मिरजेच्या घरी कारल्यात गूळ, चिंच, खोबरं सगळं पडतं आणि तरीही मी ते ताटाच्या कडेला सारत आलोय. "छे, गूळ कशाला?" मी म्हणालो. खोली मिळाली. ते खोटं मी पुढची तीन वर्षं दर गुरुवारी जेवणाच्या टेबलावर निस्तरलं.

त्यांना सगळे डॉक्टरच म्हणायचे, मीही तेच म्हणतो. मूळचे कऱ्हाडचे. तरुणपणी इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आले ते निवृत्त होईपर्यंत भूलतज्ज्ञ होते. जन्मभर माणसांना झोपवायचं आणि वेळेवर उठवायचं काम केल्यामुळे त्यांचा आवाज कायम खालच्या पट्टीत असायचा. नवा माणूस भेटला की ते त्याच्या डोळ्यांकडे नाही, जबड्याकडे आणि मानेकडे बघायचे. पहिल्याच दिवशी चहा पिताना मला म्हणाले, "तुझी मान आखूड आहे. भूल द्यायची झाली तर घशात नळी घालायला त्रास होईल." मला कुठेही नळी घालून घ्यायची नव्हती, पण तेव्हापासून मी कॉलरचं वरचं बटण उघडं ठेवायला लागलो.

त्यांना कडू आवडायचं. मेथी, कारलं, बिनदुधाचा चहा, करपलेला टोस्ट, काहीही. लहानपणी पाडव्याला सगळी भावंडं कडुनिंबाच्या चटणीने तोंड वाकडं करायची आणि हे एकटे वाटी पुसून खायचे. "गोडाने माणूस गाफील होतो," असं ते म्हणायचे, आणि कुणी पेढ्यांचा डबा आणून दिला की तो न उघडता शेजारी बेरिलकडे जायचा. बेरिल ऐंशीच्या पुढची, उंच, खणखणीत आवाजाची बाई. तिला सगळे डबे चालायचे.

इंग्लंडात कारलं पिकवायचा त्यांनी हट्ट धरला होता. काचेच्या खोपटात हीटर लावून आठ उन्हाळे खटपट केली, आणि हाती आलं ते करंगळीएवढं एकच कारलं, तेही पिवळं. हा सगळा खेळ कुंपणावरून बघत असलेल्या बेरिलने एक दिवस वर्तमानपत्रात गुंडाळलेला मुळाचा तुकडा आणून दिला. "कडूच हवंय ना तुला? मग इथल्या मातीत जे कडू येतं ते लाव," असं ती म्हणाली. लहानपणी ती आईवडिलांबरोबर दर सप्टेंबरला लंडनहून केंटमध्ये हॉपच्या तोडणीला जायची. बिअरला तिचा कडवटपणा आणि वास देतो तो हा हॉप. वेलाला हिरवी, कागदासारखी हलकी बोंडं लागतात, आणि बोंड उकललं की आत हळदीसारखी पिवळी पूड असते. डॉक्टरांनी ती पूड जिभेवर ठेवली आणि काचेचं खोपट त्याच आठवड्यात कुणाला तरी देऊन टाकलं.

मी गेलो तेव्हा त्या मुळाला बरीच वर्षं झाली होती. एप्रिलमध्ये खरंच जमिनीतून कोंब आले, आणि मे महिन्यात ते रोज वीतभर वाढायला लागले तेव्हा मी कामावरून आल्यावर आधी अंगणात डोकावायला लागलो. हा वेल दोरीभोवती एकाच बाजूने चढतो, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. उलटा गुंडाळला तर रात्रीतून सुटतो आणि पुन्हा आपल्याच दिशेने लागतो. डॉक्टरांना याचं फार कौतुक. "प्रदक्षिणा घालतोय बघ. उजवी घालूनच जाणार," ते म्हणायचे. शेजारच्या वाफ्यात बेरिलने दिलेला घेवडा होता, तो नेमका उलट्या दिशेने चढतो. त्याला ते नास्तिक म्हणायचे. पण पाणी दोघांना सारखंच घालायचे.

बिअर व्हायची सप्टेंबरात. काकवीसारखा दाट माल्टचा अर्क पाण्यात घालून त्यात हॉप टाकायचा, तासभर उकळायचं, गार झालं की यीस्ट, आणि मग झाकणाची बादली जिन्याखालच्या कपाटात. ते कपाट माझ्या खोलीच्या भिंतीला लागून. झाकणावरच्या नळीतून बुडुक बुडुक आवाज यायचा आणि डॉक्टर मनगटावरचं घड्याळ बघत कपाटासमोर उभे राहायचे. "मिनिटाला बारा," ते मला सांगायचे. "पेशंट स्टेबल आहे."

आणि इतकं करून झालेली बिअर पिता येत नसे. हॉप किती घालायचा याचं पुस्तकात प्रमाण असतं, डॉक्टर त्याच्या तिप्पट घालायचे. रविवारी जेवणाआधी ते अर्धा ग्लास घ्यायचे, डोळे मिटून, आणि वर्षभर तेवढंच. मी पहिल्यांदा घोट घेतला तेव्हा माझ्या कानापर्यंत काहीतरी गेलं. बेरिल मात्र दरवेळी पूर्ण ग्लास संपवायची आणि विचारलं तर म्हणायची, "ओली आहे, एवढं नक्की."

पातेल्याची गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागातल्या मराठी मंडळाचं एक थोरलं ॲल्युमिनियमचं पातेलं डॉक्टरांच्या गॅरेजात असायचं, कारण कार्यकारिणीत गॅरेज रिकामं असलेले ते एकटेच. मी राहायला गेलो त्या वर्षी त्यांनी ताज्या हॉपची पहिली बिअर त्या पातेल्यात उकळली. नंतर तीनदा घासलं. चिंचेनेही घासलं. पुढच्या शनिवारी हॉलमध्ये गणपतीचा कार्यक्रम होता आणि त्यात शंभर माणसांचा शिरा झाला.

पहिल्या घासालाच हॉलमधले सगळे चमचे थांबले. प्रसाद आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत, म्हणून सगळे गिळत होते. माझ्या समोरच्या काकू म्हणाल्या, "केशर जरा जास्त पडलं वाटतं." तेवढ्यात डॉक्टर उठले आणि त्यांनी माइक घेतला. "शिरा कडू झालाय," त्या खालच्या पट्टीत ते म्हणाले. "चूक माझी आहे. या पातेल्यात मी बिअर उकळली होती. पातेलं तीनदा घासलंय, पण वास धरून बसलंय."

त्यानंतर बराच गोंधळ झाला. दोन कुटुंबं न जेवता गेली आणि अध्यक्षांच्या सौ. कितीतरी दिवस डॉक्टरांशी बोलत नव्हत्या. पातेलं दुसरीकडे गेलं आणि गॅरेजात सतरंज्या आल्या. घरी येताना गाडीत मी म्हणालो, "डॉक्टर, गप्प बसला असतात तर कुणाला काही कळलं नसतं."

"नसतंच कळलं," ते म्हणाले. "आणि दिवाळीला पुन्हा त्यातच शिरा केला असता."

त्याच महिन्यात ते शिडीवरून पडले. हॉपचे वेल दुमजली घराच्या वरच्या बाथरूमच्या खिडकीपर्यंत गेलेले, ते कापायला डॉक्टर दरवर्षी शिडी लावायचे. त्या दिवशी उरलेली चार बोंडं काढायला चढले आणि शिडी सरकली. मी धावत गेलो तर ते कापलेल्या वेलांच्या ढिगावर आडवे होते आणि आकाशाकडे बघत माहिती देत होते. "शुद्धीवर आहे. मान ठीक आहे. डावं मनगट मोडलंय. टॅक्सी बोलव."

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी रेवा क्रॉयडनहून आली. तिचा जन्म इथलाच. एका इन्शुरन्स कंपनीत धोका मोजायचं काम करायची, आणि घरात शिरल्यापासून तिने तेच सुरू केलं. जिना, बाथरूमचा गालिचा, गॅस, सगळं बघून आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली.

"बाबा, हा घर तुझ्यासाठी टू मच आहे. माझ्या बिल्डिंगमध्ये एक फ्लॅट सेलला आहे. लिफ्ट आहे. बाल्कनी पण आहे. हॉप्स पॉटमध्ये लाव ना."

"कुंडीत? त्याची मुळं माझ्या उंचीइतकी खोल गेलीत."

"आय नो. पण तू पडलास ना? तू डोक्यावर पडला असता तर?"

डॉक्टर प्लास्टरमधल्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रेवा, मला इथून जायचं नाही. या घरात मला अंधारातही चालता येतं. तिथे मला दिवा लावावा लागेल."

ती दुष्ट नव्हती, घाबरलेली होती, हे मला तेव्हाही दिसत होतं. शेवटी तिने अट घातली. एक वर्ष. या वर्षात डॉक्टरांनी शिडीवर पाय ठेवायचा नाही. कुठल्याही शिडीवर. आणि पुढच्या सप्टेंबरात हॉप घरात आला पाहिजे. जमलं, तर ती पुन्हा फ्लॅटचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर वसंतात घर विकायला काढायचं.

"कबूल," डॉक्टर म्हणाले.

मी साक्षीदार. शिडी माझ्या सायकलच्या साखळीने गॅरेजात बांधली गेली आणि किल्ली माझ्या खिशात आली.

हिवाळाभर डॉक्टरांनी विचार केला आणि तो कऱ्हाडला जाऊन पोचला. त्यांचे वडील दिवाळीत उंच बांबूला कप्पी लावून आकाशकंदील चढवायचे. रोज संध्याकाळी दोरी सोडून कंदील खाली घ्यायचा, आत पणती ठेवायची, पुन्हा वर. "बापाला कधी शिडी लागली नाही," ते मला म्हणाले. "आणि मी इतकी वर्षं माकडासारखा चढतोय." मार्चमध्ये मी बाथरूमच्या खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळून भिंतीला हूक ठोकला. डॉक्टरांनी मागून माझा पट्टा धरला होता. हुकाला कप्पी, कप्पीवरून दोरी, दोरीला आडवा बांबू, आणि बांबूपासून जमिनीपर्यंत चार सुतळ्या. वेल सुतळ्यांवर चढणार, आणि सप्टेंबरात दोरी सोडली की सगळं आपोआप खाली येणार.

माझी आई एप्रिलच्या सुरुवातीला आली, सहा महिन्यांच्या व्हिसावर. डॉक्टरांनी दारातच तिचा जबडा पाहिला आणि मला हळूच म्हणाले, "उत्तम. काही अडचण नाही." आईला इथे दोनच गोष्टींचा त्रास झाला, एक थंडी आणि दुसरी पालेभाजी. सुपरमार्केटातला पिशवीबंद पालक तिने एकदा शिजवला आणि म्हणाली, "याला ना चव ना चिकटपणा. नुसता रंग आहे."

पंधरा-वीस दिवसांनी मी ऑफिसातून आलो तर घरात लसणाच्या फोडणीचा वास. डॉक्टर टेबलाशी बसून दुसऱ्यांदा वाढून घेत होते. ताटात लांब कोवळ्या देठांची काळपट हिरवी भाजी, डाळ घालून, वर तळलेली लाल मिरची. मीही बसलो. किंचित कडू होती, पण चांगली लागत होती.

"वहिनी, कुठली ही मेथी?" डॉक्टर म्हणाले. "अशी मेथी मी या देशात खाल्लेली नाही."

"मेथी कसली, डॉक्टर! तुमच्याच अंगणातली आहे. त्या भिंतीपाशी इतके छान कोंब आले होते आणि कुणी हातच लावत नव्हतं. म्हटलं, वाया जातील. सगळे खुडले."

"सगळे?"

"एक नाही ठेवला. खुडल्याशिवाय पाला फुटत नाही बघा."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. कोंब नाहीत म्हणजे वेल नाही, वेल नाही म्हणजे हॉप नाही, आणि हॉप नाही म्हणजे घर नाही. मी नुसतं "आई, अगं..." एवढंच म्हणू शकलो. डॉक्टर ताटाकडे बघत होते. मग त्यांनी ताटातली भाजी संपवली, हात धुतले आणि भिंतीवर टांगलेला कागद खाली घेतला.

हॉस्पिटलात ऑपरेशन चालू असताना दर पाच मिनिटांनी नाडी, रक्तदाब, दिलेलं औषध लिहून ठेवायची त्यांना सवय. तसाच चौकटींचा कागद ते हॉपसाठी ठेवायचे, वर वेळ, खाली नोंद. नोकरीत सगळं इंग्रजीत लिहिलं म्हणून हा मात्र मराठीत. त्या संध्याकाळी त्यांनी लिहिलं, "सायं. सात. सर्व कोंब काढले. पेशंटचं सांगता येत नाही. चव उत्तम."

प्रकरण समजल्यावर आईने डोक्याला हात लावला. "बिचाऱ्या माणसाचं घर घालवलं मी," असं रोज म्हणायची. सकाळी अंघोळ झाली की तांब्याभर पाणी त्या मातीवर घालायची आणि हात जोडून उभी राहायची. डॉक्टर खिडकीतून बघायचे. एकदा बाहेर येऊन म्हणाले, "वहिनी, भुलेतला माणूस हाका मारून उठत नसतो. औषध उतरावं लागतं. आपण फक्त शेजारी बसायचं." आणि ते खरंच खुर्ची घेऊन शेजारी बसले.

बाराव्या दिवशी कोंब आले. आधीच्यापेक्षा जाड, आणि दुप्पट. बेरिलने कुंपणावरून पाहिलं आणि म्हणाली, "शेवटी शहाणपण सुचलं तर तुला! पहिली खेप कापायचीच असते. पोकळ असते ती. माझे वडील दरवर्षी कापायचे."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला वाटलं, डॉक्टरला माहीत असेल."

आईचा त्यानंतरचा रुबाब बघण्यासारखा होता. मे महिन्यात ती आठवडाभर लंडनमधल्या हॅरोला मावसबहिणीकडे जाऊन आली आणि तिथेही सगळ्यांना तिने हॉपची भाजी सांगितली. त्या दिवसांत डॉक्टर जरा गप्प असायचे. मला वाटलं, मनगट दुखत असेल. जुलैत वेल आडव्या बांबूला पोचले, बाथरूमची खिडकी पानांनी भरून गेली, आणि ऑगस्टच्या शेवटी इतकी बोंडं लागली की सुतळ्या ताणल्या गेल्या.

तोडणीच्या शनिवारी रेवा सकाळच्या गाडीने आली. अंगणात डॉक्टरांनी वारलेल्या पत्नीची जुनी सुती पातळं अंथरली होती, कारण हॉप दरवर्षी त्यांच्यावरच वाळायचा. त्यांनी खुंटीची गाठ सोडली आणि दोरी हळूहळू सैल केली. वेल जागेवरून हलले, सळसळले आणि चारी सुतळ्यांसकट पातळांवर येऊन निजले. डॉक्टर जमिनीवर उभे होते, दोन्ही पायांवर. मी टाळ्या वाजवल्या, त्याचं मला आज हसू येतं.

मग आम्ही सगळे निवडायला बसलो. सूत्रं आईच्या हातात. मेथी निवडायला बसवावं तसं तिने बेरिलपासून रेवापर्यंत सगळ्यांना बसवलं आणि देठ राहिला की परत द्यायची. बोटं पिवळी आणि चिकट झाली. दुपार होईपर्यंत पातळांवर एवढा हॉप झाला की बेरिलने केंटनंतर असा ढीग पाहिला नव्हता म्हणे. रेवाने ओंजळभर बोंडं चुरडून नाकाशी धरली.

"ओके, बाबा," ती म्हणाली. "यू विन. हॉप्स घरात, शिडी झीरो. फ्लॅटचं नाव मी काढणार नाही."

आईने आभाळाकडे बघून हात जोडले. डॉक्टर उठले. "थांब," म्हणाले, आत गेले आणि कागदांची फाइल घेऊन आले. त्यातला मे महिन्याचा एक कागद त्यांनी रेवापुढे धरला.

"मराठीत आहे हे," रेवा म्हणाली. "माझा रीडिंग खूप स्लो आहे. तू वाच ना." तिने कागद मला दिला.

मी ती ओळ आधी मनातल्या मनात वाचली. मी काहीही वाचलं असतं तरी चाललं असतं. तापमान, पाऊस, मावा पडला, काहीही. आईला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं, बेरिलला मराठी येत नव्हतं. मला त्यांनी त्या घरात राहावं असं मनापासून वाटत होतं, आणि खोटं बोलायला मी कारल्यापासूनच तयार होतो. मी डॉक्टरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, या वेळी मानेकडे नाही, सरळ डोळ्यांत. मी वाचलं.

"सकाळी दहा चाळीस. दोरी कप्पीवरून सटकली. खिडकीतून हात पोचेना. बेरिलची शिडी. बारा पायऱ्या. दोरी बसवली. दहा पन्नास. उतरताना पाय कापायला लागले. भीती वाटली. घरात कुणी नाही. शिडी धरून उभा. अकरा पाच. खाली आलो. नाडी एकशे वीस. पुन्हा नाही."

शिडी हा शब्द बेरिललाही कळला असावा, कारण ती आपल्या बुटांकडे बघायला लागली.

"पंधरा मिनिटं?" रेवा म्हणाली. "तू पंधरा मिनिटं वर तसाच उभा होता?"

"चौदा असतील. घड्याळ नीट दिसत नव्हतं." डॉक्टर खुर्चीत बसले. "अट मोडली. मी हरलो. वसंतात पाटी लाव."

"पण मला कळलं पण नसतं!"

"नसतं. मी जिंकलो असं समजून तू परत गेली असतीस आणि मी इथे राहिलो असतो. तसं राहणं मला जमलं नसतं."

रेवाने माझ्या हातातून कागद घेतला. पिवळं बोट ओळीवर ठेवून ती एकेक अक्षर लावत गेली, पहिलीतल्या मुलासारखी. "भी-ती वा-ट-ली." तिथेच थांबली. मान वर केली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते आणि ती रागावलेलीही होती.

"मला फोन का नाही केलास?"

"शिडीवरून?"

"खाली आल्यावर! त्या दिवशी. नेक्स्ट डे. कधीही."

"आणि काय सांगू? भीती वाटली म्हणून?"

"हो! तेच सांगायचं. बाबा, मला शिडीची भीती नाही वाटत. तू असा कुठेतरी स्टक असतो आणि मला कोणी सांगत नाही, त्याची वाटते. आई गेल्यापासून रोज वाटते." तिने हाताच्या उलट्या बाजूने नाक पुसलं. "फ्लॅट कॅन्सल. नवीन डील. भीती वाटली की फोन करायचा. छोटी भीती असली तरी. कागदावर लिहायच्या आधी."

"तू ऑफिसात असलीस तरी?"

"मीटिंगमध्ये असले तरी."

"कबूल," डॉक्टर म्हणाले. मग लगेच उठून पातळांची टोकं ओढायला लागले. मला इतका आनंद झाला होता की मी गॅरेजात जाऊन उगाच शिडीची साखळी तपासून आलो.

त्या वर्षीच्या बिअरमध्ये त्यांनी हॉप प्रमाणाच्या दुप्पटच घातला, आणि बेरिलने दुसरा ग्लास मागितला. ते घर सोडून मला आता चार वर्षं झाली. डॉक्टर अजून तिथेच आहेत आणि सप्टेंबरात मी सुट्टी काढून निवडायला जातो. पण त्यांची आठवण आली की मला दिसतो तो त्या शनिवारनंतरचा मंगळवार.

मी घरून काम करत होतो. दुपारी पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरातून डॉक्टरांचा आवाज येत होता.

"रेवा? मीटिंगमध्ये आहेस का? आहेस? बरं, मग लवकर सांगतो. काही विशेष नाही, जिन्यावरचा बल्ब गेलाय. स्टुलावर चढावं लागणार, म्हणून जरा भीती वाटली. हो. हो, बसलोय खुर्चीत. नाही, नाही चढत. तू जेवलीस का?"

मग ते बराच वेळ ऐकत होते. मधेच हसले. तिच्या ऑफिसातल्या कुणाचं तरी नाव विचारलं, आणि शनिवारी येशील का तेही विचारलं. मी दारात उभा आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि हळूच माझ्याकडे पाठ फिरवली. जिन्यावरचा बल्ब मी आदल्याच दिवशी बदलला होता, आणि स्टूल त्यांनीच धरलं होतं.